आष्ट्याहून सह्याद्री: पठारासाठी भाद्रपद, जंगलासाठी माघ

युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतली चार महाराष्ट्रात आहेत: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. आष्ट्याहून पहाटे गाडी काढली तर यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी दुपारच्या जेवणाआधी पोचता येते. चांदोली तर जेमतेम दोन-अडीच तासांवर. तरी आपल्याकडे कुणी नवा कॅमेरा घेतला, तंबू घेतला की पहिला बेत ठरतो तो मनालीचा. मनालीला जरूर जावे, पण हात बसायला आणि चुका स्वस्तात व्हायला घराजवळचा डोंगर बरा.

बेत आखताना दोन गोष्टी पक्क्या डोक्यात ठेवा. एक, ही चारही ठिकाणे एका सलग फेरीत उरकायची नाहीत. नकाशावर ती एका ओळीत दिसतात आणि मोह होतो, पण त्यांचे हंगाम एकमेकांशी जुळत नाहीत. कास फुलते ते भाद्रपदात, आणि तेव्हा चांदोली-कोयनेच्या जंगलाचे दरवाजे पर्यटकांना बंद असतात. जंगल उघडते तेव्हा कासवर वाळके गवत असते. दोन, तंबू जंगलात लावायचा नाही. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत परवान्याशिवाय पाऊल टाकणे हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, रात्री राहणे तर लांबच. तंबू लागतो तो जंगलाच्या कडेच्या गावात, कुणाच्या तरी खळ्यात किंवा अंगणात, मालकाला विचारून. हे एकदा मान्य केले की सहल सोपी होते आणि, माझ्या मते, जास्त चांगलीही होते. कारण त्या अंगणात जी माहिती मिळते ती कुठल्याही ॲपवर नसते.

म्हणून दोन वेगळ्या फेऱ्या करा. पहिली सप्टेंबरात, पठारांची. दुसरी जानेवारी-फेब्रुवारीत, जंगलाची. प्रत्येकीला दोन मुक्काम पुरेत.

दोन्हींच्या आधी एक रंगीत तालीम मात्र कराच, सागरेश्वरला. इस्लामपूर (म्हणजे आताचे ईश्वरपूर) आणि ताकारीमार्गे देवराष्ट्र्याला जायचे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. त्याला लागूनच अभयारण्य आहे. साडेदहा-अकरा चौरस किलोमीटरचे हे जंगल आयते मिळालेले नाही. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरावर झाडे लावून, सांबर-चितळ आणून ते उभे केले गेले आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथे मुक्काम नाही, एका दिवसात परत. पण लांबची लेन्स हातात स्थिर राहते का, चितळ बिचकायच्या आत फोकस लागतो का, पाठीवरची पिशवी चढाला किती जड होते, हे सगळे इथे कळते. वरच्या टोकांवरून कृष्णाकाठ आणि उसाचा हिरवा पट्टा दिसतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याचे रुंद फोटो चांगले येतात. उतरताना पायथ्याची जुनी देवळे बघायला अर्धा तास ठेवा.

आता पहिली फेरी. शनिवार-रविवार विसरा. कासला हंगामात दिवसाला ठरावीकच लोकांना सोडतात, त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि सुट्टीच्या दिवसांची नोंदणी आधीच भरून जाते. बुधवार-गुरुवार धरा. नोंदणी करताना सकाळची पहिली वेळ घ्या. गाड्या पठारापासून दूर थांबवतात, पुढे तिथल्या व्यवस्थेच्या गाडीने किंवा पायी जायचे. शुल्क, पार्किंग, पाट्या हे सगळे वनखाते आणि आसपासच्या गावांची समिती बघते. पट्टीच्या आत जाऊ नका असे ओरडणारा तरुण बहुधा त्याच गावांतला असतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याच्याशी बोला. काल कुठले फूल कुठे उमलले ते त्याला ठाऊक असते.

आष्ट्याहून पेठ नाका, तिथून महामार्गाने कराड. कागल-सातारा सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला रस्ता लागतो, तेव्हा वेळेचा हिशेब ढिला ठेवा. कराडवरून सरळ साताऱ्याला न जाता पाटणकडे वळा आणि तिथून घाटाने सडावाघापूरच्या पठारावर चढा. इथला उलटा धबधबा सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेला असतो. कड्यावरून पडणारे पाणी खालून येणाऱ्या वाऱ्याने परत वर उधळले जाते. त्यासाठी पाऊस आणि जोराचा वारा दोन्ही लागतात. नुसता पाऊस असेल तर साधा धबधबाच दिसतो, तेव्हा नशिबाला बोल लावू नका. कड्याच्या टोकाला दगड शेवाळलेले असतात. पाणी वर उडताना टिपायचे तर शटर वेगवान ठेवा, १/८०० किंवा त्याहून जास्त, आणि कडेपासून दहा पावले मागे राहून लांबच्या लेन्सने काढा. थेंब वाऱ्याबरोबर थेट लेन्सवर येतात, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून काच पुसायची आणि मग वळायचे. सुती पंचा या कामाला महागड्या कापडापेक्षा बरा.

पलीकडे तारळ्याच्या बाजूने उतरून पुन्हा महामार्गाला लागता येते. हाताशी वेळ असेल तर ठोसेघर आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघा, नसेल तर सोडा. मला विचाराल तर सप्टेंबरात चाळकेवाडीचे पठार धबधब्यापेक्षा सरस. सोनकीच्या पिवळ्या गालिच्यावर धुक्यातून अर्ध्याच दिसणाऱ्या पवनचक्क्या हा साधा मोबाइलनेही जमणारा फोटो आहे. मुक्कामाला कासच्या अलीकडची गावे किंवा पलीकडे उतरून बामणोली. महाबळेश्वर या फेरीत घेऊ नका. तिथल्या गर्दीत अर्धा दिवस जातो आणि फोटो मिळतात ते सगळ्यांच्याकडे असलेलेच.

कासविषयी जरा सविस्तर. पठार सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे, खाली सगळा जांभ्याचा कातळ आणि वर मातीचा थर काही ठिकाणी बोटभर. या बोटभर मातीत पावसाचे चार महिने जगून घ्यायचे, बी टाकायचे आणि नाहीसे व्हायचे, असा इथल्या बहुतेक फुलांचा संसार. माती निकस म्हणून काहींनी किडे खायची वाट धरली आहे. जांभळी-निळी सीतेची आसवे हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध फूल. त्याचे सापळे जमिनीखाली ओल्या मातीत असतात, म्हणून फोटोत ते निष्पापच दिसते. दवबिंदूची पाने मात्र उघड उघड चिकट असतात. लाल केसांच्या टोकाला चमकणारे थेंब, आणि त्यात अडकलेली एखादी माशी. उन्हाच्या विरुद्ध बाजूने काढले तर प्रत्येक थेंब दिव्यासारखा पेटतो.

फुले किती लहान असतात याचा पहिल्यांदा जाणाऱ्याला अंदाज नसतो. फोटोत निळा समुद्र दिसतो, म्हणून लोक कमरेएवढ्या फुलांच्या अपेक्षेने येतात. प्रत्यक्षात सीतेच्या आसवाचे एक फूल करंगळीच्या नखाएवढे. उभे राहून काढले तर हिरव्या गवतावर जांभळे ठिपके येतात. म्हणून खाली बसा, नव्हे, आडवे व्हा. पण आडवे व्हायचे ते पायवाटेवर. वाटेच्या कडेलाच इतकी फुले असतात की आत शिरायची गरजच पडत नाही. एक जाड प्लॅस्टिकचा तुकडा, खताच्या रिकाम्या पोत्यासारखा, अंथरायला ठेवा. कोपरे जमिनीवर टेकवा, श्वास सोडा आणि वाऱ्याची वाट बघा. कासवर वारा सलग नसतो, झुळका येतात. दोन झुळकांच्या मध्ये दोन-तीन सेकंद देठ अगदी स्तब्ध होतो. तेवढ्यात तीन-चार फोटो घ्यायचे. शटर १/५०० च्या खाली नको. मॅक्रो लेन्स असेल तर छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवा, नाहीतर पुढची पाकळी स्पष्ट आणि मागची धूसर असे होते. लेन्स नसेल तर मोबाइल चालतो, पण बोटाने फोकस फुलावर पक्का करा आणि उजेड थोडा कमी करा. आणखी एक: बरेच मोबाइल जांभळ्याला निळे करून टाकतात. ढगाळ दिवसाचे रंगसंतुलन हाताने निवडले तर फरक पडतो.

पहाटे धुके असते, नऊ-दहानंतर ऊन डोकावते. दोन्हींचे फोटो वेगळे. धुक्यात जवळचे काढा. ढग फाटले की रुंद लेन्सने खाली वाकून फुले पुढे आणि ढग मागे असे काढा. गेंदाची पांढरी बटणे, गुलाबी तेरडा, पिवळा कवळा (मिकी माउस म्हणून पोरे ज्याला ओळखतात तो) आणि ओल्या डबक्यातला वायतुरा, एवढे ओळखता आले तरी पठार निम्मे कळले. वायतुऱ्याचे शास्त्रीय नावच साताऱ्यावरून पडले आहे. तो लवकर फुलतो, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर चुकेल. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ज्या वर्षी फुलेल त्या वर्षी बातम्यांतून कळेलच, आणि त्या वर्षी गर्दी इतकी असते की दुसरे काही दिसत नाही. कुमुदिनी तलावापर्यंत चालत जायची तयारी ठेवा. बहुतेक लोक पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर परत फिरतात.

पावसाळ्यात कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाऊस नव्हे, दमट हवा. गाडीत एसी लावून कॅमेरा गार करायचा आणि बाहेर काढायचा, की काचेवर आतून-बाहेरून वाफ. म्हणून घाट सुरू झाला की एसी बंद आणि खिडक्या खाली. कॅमेरा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आपल्या औषधदुकानात, बूटदुकानात त्या फुकट मिळतात, फक्त तव्यावर शेकून कोरड्या करून घ्या. घरी आल्यावर लेन्स पंधरा दिवस पिशवीत कोंडून ठेवली तर बुरशी धरते आणि ती काढायचा खर्च लेन्सच्या निम्म्यावर जातो.

आता दुसरी फेरी, जंगलाची. चांदोलीचे दरवाजे साधारण ऑक्टोबरच्या मध्याला उघडतात आणि जूनच्या मध्याला बंद होतात. सुट्टीचा वार, गाडीची अट, शुल्क हे दरवर्षी थोडेफार बदलते, तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात वनक्षेत्रपाल कार्यालयात चौकशी करा. जुन्या माहितीवर विसंबून फाटकापर्यंत जाऊन परत आलेली मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. रस्ता सोपा: पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, चरण, आरळा आणि मग वारणावती. पेट्रोल आणि पैसे शिराळ्यात घेऊन ठेवा. पुढे मोबाइलची रेंज तुटक होत जाते, म्हणून यूपीआयवर भिस्त ठेवू नका.

वारणा धरणाच्या मागे पसरलेले चांदोली राष्ट्रीय उद्यान सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे. उत्तरेला ते कोयना अभयारण्याला जोडले गेले आहे आणि दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नावात वाघ आहे म्हणून वाघ बघायला जाऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत नवी सुरुवात झाली आहे, पण हे ताडोबा नव्हे; झाडी दाट, चढउतार अवघड आणि जनावर लाजाळू. इथे दिसतो तो गवा, सांबर, भेकर, नशीब असेल तर रानकुत्र्यांचा कळप, आणि वर बघायची सवय असेल तर शेकरू. आपला राज्यप्राणी बहुतेकांना दिसत नाही, कारण सगळे झुडपांत बघत असतात. फांद्यांच्या बेचक्यातली गोल घरटी शोधा, मग पानांची खसफस ऐका.

गवा कुठे दिसतो याचे उत्तर जरा गंभीर आहे. धरण आणि अभयारण्य यांसाठी आतली गावे उठली. झोळंबी, रुंदीव ही नावे आता जंगलातल्या जागांची आहेत. ती माणसे शिराळा-वाळवा भागातल्या पुनर्वसित वसाहतींत राहतात, कदाचित तुमच्या वर्गात त्यांची मुले असतील. त्यांनी सोडलेल्या भातखाचरांवर आज गवताची कुरणे झाली आहेत आणि सकाळ-संध्याकाळ गवे तिथेच चरायला उतरतात. जुना बांध, एखादे आंब्याचे झाड, जोत्याचे दगड दिसले की समजा इथे वाडी होती. फोटो काढताना ते जोते फ्रेममध्ये येऊ द्या. नुसत्या जनावराच्या फोटोपेक्षा तो फोटो जास्त बोलतो. निघण्याआधी वसाहतीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्यांच्या गावाविषयी विचारून गेलात तर आत काय बघायचे ते वेगळेच कळेल.

गाडीतून उतरायचे नाही, हा नियम गव्यासाठी दुप्पट पाळा. कळप सहसा शांत असतो, एकटा नर भरवशाचा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला तेव्हा मोबाइल घेऊन त्याच्यामागे धावणारी गर्दी आपण पाहिली आहे. बिथरलेले जनावर कुठे जाईल याचा नेम नसतो. मान खाली, फुसफुस, पुढचा पाय जमिनीवर घासणे ही चिन्हे दिसली की गाडी हळूच मागे घ्या.

फोटोच्या अंगाने जंगल कासच्या अगदी उलटे. इथे उजेड कमी, अंतर जास्त. ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स हवी; नसेल तर दोघा-तिघांत मिळून भाड्याने आणा. आयएसओ १६०० ते ३२०० ठेवायला घाबरू नका, दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा. काळ्या गव्यावर कॅमेरा फसतो, सगळा फोटो उजळ करून टाकतो, म्हणून उजेड दोन-तीन पायऱ्यांनी खाली घ्या. गाडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. तांदळाची छोटी पिशवी शिवून घ्या, खिडकीच्या काठावर ठेवा आणि त्यावर लेन्स टेका. ड्रोन घरीच ठेवा. जंगलावर तो चालत नाही आणि धरणाच्या भिंतीवर तर नाहीच. भिंतीकडे कॅमेरासुद्धा रोखू नका, पहारेकरी हटकतात आणि त्यांचे बरोबर असते.

आता तंबू. चांदोलीच्या वाटेवर, कोयनेकडे हेळवाकच्या बाजूला आणि बामणोलीत घरगुती मुक्कामाची सोय आता बरीच आहे. तंबू लावायला जागा मागितली तर बहुतेक लोक देतात, पण मागायची पद्धत असते. दिवस मावळायच्या आत पोचा. अंधारात दारात उभा राहणारा अनोळखी माणूस कुणालाच नको असतो. कुठून आलात, किती जण, किती दिवस हे आपणहून सांगा. मुक्कामाचे पैसे आधी ठरवा आणि जेवण त्यांच्याकडेच घ्या. एका संध्याकाळी ओढ्याकडेच्या सपाट कोपऱ्यावर आम्ही पिशव्या ठेवल्या, तशी घरातली आजी बाहेर आली.

"पावणं, हितं नगा लावू. रातचं गवं उतरत्यात हितनं पाण्याला."

"मग कुठं लावू, आज्जी?"

"खळ्यात लावा. जनावर खळ्यात येत न्हाई. आन् चुलीच्या धुराकडं तोंड नगा करू, रातभर खोकाल."

त्या सपाट कोपऱ्यात बारकाईने पाहिले तर खुरांचे ठसे होतेच. शहरातून आलेल्या माणसाला जी जागा तंबूसाठी उत्तम वाटते, पाण्याजवळची, सपाट, मोकळी, तीच जनावरालाही उत्तम वाटते.

जागा निवडताना आणखी काही. कोयनेच्या किंवा वारणेच्या जलाशयाच्या काठावर, उघड्या पडलेल्या गाळावर तंबू नको. ती जमीन कुणाच्या तरी गाळपेराची असते आणि पाण्याची पातळी तुमच्या झोपेचा विचार करत नाही. धरणाच्या खालच्या बाजूच्या नदीपात्रात तर कधीच नको. पाणी सोडताना भोंगा वाजतो, पण झोपेत तो ऐकू येईल याचा भरवसा नाही. पठारावर कातळात खुंट्या जात नाहीत. दोराची लांबी जास्त ठेवा आणि दगडांना बांधा, आणि ते दगड सकाळी होते तिथे परत ठेवा, कारण दगडाखालीही कुणीतरी राहते. जानेवारीत जलाशयाकाठी दव इतके पडते की वरचे छत ओले चिंब होते. आतल्या बाजूला वाफ धरू नये म्हणून तंबूच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवाव्या लागतात. थंडी वाजते म्हणून सगळे बंद केले की पहाटे झोपेची पिशवी भिजलेली सापडते.

शेकोटी नको. फेब्रुवारीपासून गवत वाळते आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. वणव्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. छोटा गॅस पुरतो, वाऱ्याला पत्र्याचा आडोसा करा. चहा करायचा आणि झोपायचे. जेवणाला भाकरी आणि खरडा बांधून न्यावा, वाटेत तोंडात टाकायला सांगलीचे भडंग, बाकी पोटभर जेवण गावात. तांदळाची भाकरी आणि काळ्या घेवड्याची आमटी सोडून पाकिटातल्या शेवया खाणाऱ्याला काय म्हणावे!

रात्री टॉर्चशिवाय पाय टाकू नका, बूट झटकल्याशिवाय घालू नका. घोणस आणि फुरसे दोन्ही या भागात आहेत. साप चावला तर कापाकापी, चोखणे, आवळून बांधणे यांतले काही करू नका. अवयव हलू न देता माणसाला जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा. शिराळा आणि पाटण ही तालुक्याची गावे ध्यानात ठेवा. जंगलातल्या अडचणीसाठी, वणवा दिसल्यास किंवा जखमी जनावर आढळल्यास वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक कागदावर लिहून गाडीत ठेवा. रेंज नसते तेव्हा त्या कागदासह कुणाला तरी टेकडीवर पाठवता येते.

चांदोलीतून कोयनेला जायचे तर कराडवरून पाटण आणि पुढे चिपळूणच्या रस्त्याने कोयनानगर. थंडीत नवजाचा ओझर्डे धबधबा बारीक असतो, पण जंगल छान असते. ज्यांना चालायची हौस आहे त्यांनी साताऱ्याच्या बाजूने बामणोलीला जाऊन वासोट्याचा बेत करावा. वनखात्याचा परवाना, मग बोट, मग चढाई, आणि संध्याकाळच्या आत परत. गडावर मुक्कामाला मनाई आहे. परतीच्या बोटीची वेळ चुकवू नका. राधानगरी मात्र या फेरीत कोंबू नका. ते कोल्हापूरच्या पलीकडे, फोंडा घाटाच्या तोंडाशी, वेगळ्या दिशेला आहे. दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. सावराई सड्यावरचा मनोरा आणि तिथली सकाळ यांसाठी वेगळा शनिवार-रविवार राखून ठेवा.

ताऱ्यांचे फोटो काढायचे असतील तर भिंतीवरचे कालनिर्णय बघून अमावस्येच्या आसपास निघा. जानेवारीत मृग नक्षत्र रात्रीचा बराच वेळ सोबत असते. आकाशगंगेचा दाट भाग हवा असेल तर मार्चपर्यंत थांबावे लागते, तोही पहाटे तीन-चारला आग्नेयेला. रुंद लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, पंधरा-वीस सेकंद. फोकस हाताने एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर लावून तिथेच सोडा. यजमानांना दारातला दिवा थोडा वेळ मालवता येईल का विचारा, पण म्हशी बांधलेल्या असतील तर विचारू नका.

गाडीचे थोडक्यात. घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. धुक्यात मोठा दिवा लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, खालचाच दिवा ठेवा. आणि आपल्या भागात सगळ्यांत मोठा धोका घाटात नाही, घराजवळच आहे. नोव्हेंबर ते मार्च साखर कारखान्यांचा हंगाम. पेठ नाक्यापासून आष्ट्यापर्यंत रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर. जंगलफेरीवरून परतताना पेठ-आष्टा हा टप्पा अंधार पडायच्या आत ओलांडा. दोन दिवस कमी झोपलेला ड्रायव्हर आणि उसाची ट्रॉली ही जोडी गव्यापेक्षा वाईट.

फोटो घरी आणल्यावर ते दाखवायची घाई असते, ते साहजिकच आहे. पण कंदीलपुष्पाची एखादी खरचुडी, दुर्मीळ ऑर्किड किंवा घुबडाचे घरटे सापडले असेल तर फोटोसोबत नेमके ठिकाण टाकू नका. दुसऱ्या आठवड्यात तिथे वीस माणसे पोचतात आणि तिसऱ्या आठवड्यात ते झुडूप कुणाच्या तरी कुंडीत जाते. सातारा जिल्हा, सांगली जिल्हा एवढे पुरे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवायची सोय निघायच्या आदल्या रात्रीच बंद करा, कारण ती चालू राहिली तर तुम्ही न सांगताही फोटो सगळे सांगून टाकतो.